दोन मिनिटांचा फेस

दिवाळीच्या खरेदीची यादी करणे हे आमच्या घरी एक छोटेसे साहित्यसंमेलनच असते. अध्यक्ष आधीच ठरलेला असतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. ठरावही आधीच झालेले असतात. आणि भांडण मात्र हमखास होते. गेल्या वर्षी ते चकलीच्या भाजणीवरून होईल अशी माझी अटकळ होती. झाले ते भलत्याच वस्तूवरून. आईच्या सांगण्यावरून मी यादीत ‘उटणे, मोती साबण, शिकेकाई’ असे लिहिले, सौ.ने ‘शाम्पूची मोठी बाटली’ अशी पुरवणी जोडली, आणि तेवढ्यात अकरावीतली आमची कन्या आतून येऊन म्हणाली, “बाबा, त्या शाम्पूत सल्फेट आहे. मी तो डोक्याला लावणार नाही. आणि तूही लावू नकोस.”

शेवटचे वाक्य ऐकून मला भरून आले. माझ्या डोक्यावर आता शाम्पूला फारसे काम उरलेले नाही. तरी त्या ओसाड माळाचीही कोणाला काळजी आहे, हा काय थोडा दिलासा झाला?

पण कन्येच्या आवाजात ममता कमी आणि फिर्याद अधिक होती. ‘सल्फेट’ हा शब्द तिने ‘दरोडा’ म्हणावे तसा उच्चारला. सल्फेटने केस गळतात, कातडी जळते, इतकेच काय, कर्करोगही होतो, असे तिच्या फोनमधल्या कोणी सुहास्यवदना बाईंनी तिला सांगितले होते. त्याच बाई सल्फेटविरहित शाम्पूही विकत होत्या, आणि त्याची किंमत आमच्या बाटलीच्या चौपट होती.

“आमच्या वेळी शिकेकाई होती,” आई म्हणाली. “कुणाचे केस गेले?”

“आजोबांचे,” कन्येने भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवले.

“आता तुम्हीच काय तो निकाल द्या,” सौ. मला म्हणाली. “एवढे एम. ए. झाला आहात!”

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला घरात ऱ्हस्वदीर्घापलीकडे कोणी काही विचारत नाही. त्यामुळे हा खटला माझ्यापुढे आला याचाच मला आनंद झाला, आणि मी माझ्या पद्धतीने, म्हणजे शब्दापासून, तपासाला सुरुवात केली.

पहिला शोध असा लागला, की सल्फेट हा आमच्या घराण्याचा जुना स्नेही आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात पावसाळ्यात गढूळ पाणी आले, की आजी त्यात तुरटी फिरवीत असे. कोपऱ्यावरचा न्हावी दाढी झाल्यावर गालावर तुरटीच घाशीत असे. ती तुरटी म्हणजे एक सल्फेट. नाशिककडचे बागाईतदार चुन्यात कालवून द्राक्षांवर फवारतात तो मोरचूद हाही सल्फेटच. ज्या खडूने मी वीस वर्षे फळ्यावर ‘शब्दशक्ती’ लिहीत आलो, तोसुद्धा बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा. तेव्हा नुसते ‘सल्फेट’ म्हणणे म्हणजे नुसते ‘कुलकर्णी’ म्हणण्यासारखे आहे. कोणते कुलकर्णी, हे विचारल्याशिवाय चांगले-वाईट ठरवता येत नाही.

बाटलीवरचे कुलकर्णी दोन निघाले : सोडियम लॉरिल सल्फेट आणि त्यांचे धाकटे, जरा मवाळ बंधू सोडियम लॉरेथ सल्फेट. यातले ‘लॉर’ आले आहे लॉरेल वृक्षावरून. ज्याच्या पानांचा मुकुट ग्रीक आणि रोमन लोक विजयी वीरांच्या आणि कवींच्या मस्तकावर घालीत, तो हा वृक्ष. एखाद्या कवीने वाईट वाटून घेऊ नये, पण त्या वृक्षाचे नाव आता रोज सकाळी कोणाच्याही मस्तकावर चढते आणि पाण्याबरोबर मोरीत जाते. ‘शाम्पू’ हा शब्द तर आपलाच. आपण तो इंग्रजांना दिला आणि दामदुपटीने परत घेतला. हिंदीतल्या ‘चाँपो’चा, म्हणजे चेपण्या-दाबण्याचा, तो अवतार. पाटण्याचे शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातल्या ब्रायटनला स्नानगृह काढून बसले आणि चंपीच्या जोरावर थेट चौथ्या जॉर्ज राजाचे ‘शाम्पू-वैद्य’ झाले. तेव्हा शाम्पू म्हणजे मर्दन होते. बाटलीतला फेस पुढे आला.

परंतु व्युत्पत्तीने शब्द स्वच्छ होतो, केस होत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना स्टाफरूममध्ये गाठले. वर्गात विद्यार्थी ऐकत नाहीत, त्यामुळे कोणी आपण होऊन प्रश्न विचारला की त्यांचे डोळे चमकतात. त्यांनी चहाचा कप दूर सारला आणि खिशातून काडेपेटी काढली.

“सर, ही काडी बघा. तिचा गुल म्हणजे सल्फेट. त्याला पाणी आवडते. उरलेली लांब काडी तेलाच्या जातीची. तिला पाणी सोसत नाही. अशा हजारो काड्या तेलकट डोक्यावर ओतल्या, की काय होईल?”

“आग लागेल,” मी म्हणालो.

“काड्यांची टोके तेलाच्या थेंबात घुसतील आणि गुल बाहेर पाण्याकडे राहतील. असा गोळा तयार झाला, की पाणी त्याला आपला समजून वाहून नेते. तेल, घाम, धूळ, सगळे त्यात जाते.”

माझ्या डोळ्यांपुढे कदंबाचे फूल उभे राहिले. आत गोटी आणि बाहेर सर्वांगाने टोके. स्वच्छता म्हणजे मोरीतून वाहणारी अदृश्य कदंबफुले आहेत, ही कल्पना मला फार आवडली. मी ती बोलून दाखवली, तेव्हा ते मान हलवून म्हणाले, “फूल बरोबर. पण लोक पाहतात तो फेस वेगळा. फेस म्हणजे नुसती हवा. फार फेस म्हणजे फार स्वच्छता, हा आपला समज आहे, आणि कंपन्या तो मोडत नाहीत.”

त्यांच्याकडून आणखी एक गंमत कळली. हे लॉरिल बहुतेक वेळा निघते खोबरेल तेलातून किंवा ताडाच्या एका जातीच्या बियांतून. खोबरेलातला जवळजवळ निम्मा भाग त्या लॉरिक आम्लाचाच. म्हणजे शनिवारी रात्री आपण डोक्याला जे चोळतो आणि रविवारी सकाळी ते ज्याने काढतो, ती दोन्ही एकाच झाडाची लेकरे! मग साध्या साबणाने काय घोडे मारले होते? तर साबणाचे आणि जड पाण्याचे जमत नाही. वाडा पडल्यावर आम्ही कोथरूडच्या पलीकडे राहायला आलो. तिथे उन्हाळ्यात टँकर येतो आणि त्यात बोअरचे पाणी असते. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाची गाठ पडली, की बादलीला पांढरा चिकट थर बसतो आणि केसांची दोरी होते. सल्फेटचे तसे होत नाही. शिवाय साबण क्षारधर्मी आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. शाम्पू मात्र त्वचेच्या जवळपासचा बनवता येतो.

“आणि कर्करोग?” मी आवाज खाली आणून विचारले.

“ती अफवा १९९८ च्या सुमारास इ-मेलवरून जगभर पसरली. सल्फेटने कर्करोग होतो असा पुरावा सापडलेला नाही. हां, लॉरेथ करताना डायॉक्सेन नावाचा एक पदार्थ अंशमात्र राहू शकतो आणि त्याच्याविषयी संशय आहे. पण तो कारखान्यात काढून टाकता येतो. न्यू यॉर्क राज्याने तर २०२३ च्या अखेरीपासून दहा लाखांत एक भाग एवढीच मर्यादा घातली आहे. भीती बाळगायची तर दुसऱ्या गोष्टीची. आपल्या त्वचेचा वरचा थर म्हणजे तुमच्या वाड्याची भिंत. पेशी या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्धांश हा चुना. सल्फेटला मळाचे तेल कोणते आणि भिंतीतला चुना कोणता, हे कळत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना मुद्दाम कातडी चिडवून पाहायची असते, तेव्हा ते लॉरिल सल्फेटचे साधारण एक टक्क्याचे पाणी पट्टीखाली चोवीस तास बांधून ठेवतात.”

एक टक्का! आणि आमच्या बाटलीत सगळे फेसाळ पदार्थ मिळून दहा-पंधरा टक्के असतात म्हणे. मी हादरलो. पण प्राध्यापकांनी ‘चोवीस तास’ या शब्दांखाली बोटाने रेघ मारली. अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने १९८३ मध्ये याचाच निवाडा केला होता : थोडा वेळ लावून भरपूर पाण्याने धुऊन टाकायच्या वस्तूंत लॉरिल सल्फेट निर्धोक, अंगावर राहू द्यायच्या वस्तूंत एक टक्क्याहून अधिक नको. तेवढेही काहींना सोसत नाही. इंग्लंडात इसब झालेल्या मुलांना एक पाणीदार मलम सर्रास लावले जाई, त्यात सुमारे एक टक्का हेच सल्फेट असे. त्याने कातडी उलट चिडते, असा इशारा तिथल्या औषध-नियंत्रकांना २०१३ मध्ये द्यावा लागला. औषध म्हणून लावायचे आणि दुखणे वाढवायचे. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे राहिले!

आता शिकेकाई. आईचा मान राखण्यासाठी मी मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून शिकेकाई आणि रिठे आणले आणि एका रविवारी लहानपणासारखा न्हालो. वास तोच. वाड्यातले न्हाणीघर, तांब्याचा बंब, पाठीवर आजीचा खरबरीत हात, सगळे परत आले. आणि रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यावर फोडलेली किंकाळीही परत आली. शिकेकाईतला आणि रिठ्यातला फेस सॅपोनिन नावाच्या पदार्थांचा, आणि त्यांचीही घडण तीच : एक बाजू पाण्याची, एक तेलाची. झाडाने केलेला गुलही गुलच. कन्येच्या महागड्या बाटलीवर मी भिंग धरले, तर तिथे ‘सल्फेट’ नव्हते, ‘ओलेफिन सल्फोनेट’ होते. रसायनवाले सर हसून म्हणाले, “मळ काढण्यात हा काही फार मागे नाही. नुसते आडनाव बदलले आहे.” सगळ्याच सल्फेटविरहित बाटल्या तशा नसतात, काहींतले पदार्थ खरोखर मवाळ असतात. पण मोठ्या अक्षरांत काय नाही ते छापलेले असते, आणि काय आहे ते बारीक अक्षरांत. आणि वाचायचे असते ते बारीकच.

एवढी तयारी झाल्यावर एका रविवारी जेवणानंतर मी निकालपत्र वाचले. घरच्या श्रोत्यांपुढे मी जरा अधिकच रंगतो. “ज्याची त्वचा कोरडी, ज्याला इसब, त्याने मवाळ बाटली घ्यावी. बाकीच्यांनी साधा शाम्पू, थोडा, आठवड्यातून एक-दोनदा. आणि तो भरपूर पाण्याने धुवावा. प्रश्न पदार्थाच्या नावाचा नाही, तो अंगावर किती वेळ राहतो याचा आहे. चोवीस तास बांधून ठेवला तर कातडी लाल होईल. दोन मिनिटांच्या फेसाने काहीही होत नाही!”

टाळ्या पडल्या नाहीत. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मात्र थांबला होता. दारात मावशी उभ्या होत्या. मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, नऊ वर्षे आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या. ओले हात त्यांनी पदराखाली धरले होते.

“दादा, येक इचारू का? दोन मिन्टांत काय होत न्हाई म्हंता. आन् सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत हात त्याच्यातच आसला, तर वो?”

‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण मी दरवर्षी शिकवतो. त्या दिवशी मावशींनी हात दाखवला आणि अवलक्षण माझे झाले. नऊ वर्षांत मी तो हात पाहिलाच नव्हता. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल होऊन सोललेली, पेरांवर भेगा, अंगठा झिजलेल्या नाण्यासारखा गुळगुळीत. रात्री भाकरी थापताना आग होते, तिखटाचा हात लागला तर विचारूच नका, असे त्या सांगत होत्या, आणि तेही स्वतःचीच चूक सांगावी तसे. मग म्हणाल्या, “ते जाऊ द्या. रेशनच्या दुकानात मशिनीवर अंगठाच उठत न्हाई वो. दोन बारीला तसंच माघारी यावं लागलं.”

जेवणाच्या टेबलावर कोणी बोलेना. सहा घरे, प्रत्येकी पाऊण तास. भांड्यांच्या साबणात हेच लॉरेथ असते, शिवाय सल्फोनेट असते, आणि वडीचा साबण असेल तर वर क्षारही. तो फेस आम्ही अंगाला दोन मिनिटे लावावा की लावू नये, यावर तीन पिढ्या महिनाभर भांडत होत्या. आणि आमचाच साबण रोज साडेचार तास ज्या हातांवर राहत होता, ते हात चार पावलांवर होते. ‘तोंडाला फेस येणे’ हा वाक्प्रचार मी किती हलकेपणाने वापरतो!

पुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझे कौतुक काहीच नाही. सौ. मावशींना घेऊन आमच्या भागातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, ही ॲलर्जी नव्हे. भिंतीतला चुना धुऊन जातो आणि तो पुन्हा भरायच्या आत पुढच्या घरची भांडी येतात. जर्मनीत दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ हात ओले राहणाऱ्या कामाला ‘ओले काम’ असे स्वतंत्र नाव आहे आणि त्या कामगारांच्या त्वचेची काळजी घेणे मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे त्याला ‘भांडीधुणे’ म्हणतात. मलम दिले, ते संपल्यावर साधे पेट्रोलियम जेली दिवसातून चार-पाचदा लावायला सांगितले. आत सुती आणि वर रबरी असे हातमोजे घालायचे, आतले ओले झाले की बदलायचे. साबण थेट हातावर घ्यायचा नाही. वाटीभर पाण्यात चमचाभर कालवून घासणीने घ्यायचा. आणि वरून बरे दिसले तरी आतून भिंत पूर्ववत व्हायला महिने लागतात, तोवर थांबायचे नाही. या साऱ्या सरंजामाला जे पैसे पडले, ते त्या सल्फेटविरहित बाटलीच्या किमतीहून थोडे कमीच होते.

पण उरलेल्या पाच घरांचे काय? तिथे आमच्या कन्येने काम केले. तिने एक चिठ्ठी लिहिली : ‘मावशींचे हात साबणाने सोलले आहेत. कृपया त्यांना साबण पाण्यात कालवून द्यावा आणि हातमोजे घालू द्यावेत.’ तिच्या पाच प्रती केल्या आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “बाबा, ऱ्हस्वदीर्घ बघ.” मी पाहिले, एक वेलांटी चुकली होती. तीन घरांनी चिठ्ठी मानली. एका घरी ‘मोज्यांतून आमच्या काचेच्या बश्या निसटतील’ असे उत्तर आले. पाचव्या घराने उत्तरच दिले नाही. तिथले काम मावशी सोडू शकत नाहीत, कारण पगार तिथेच सर्वांत जास्त आहे.

आज वर्ष होत आले. बेचक्या भरल्या आहेत, भेगा हिवाळ्यात पुन्हा डोके वर काढतात. रात्री मावशी हातांना खोबरेल चोळतात. शेवटी पुन्हा नारळच. अंगठ्याच्या रेघा अजून पुरत्या आलेल्या नाहीत. गेल्या महिन्यात मशिनने तो चौथ्या खेपेला ओळखला, ही बातमी त्यांनी आम्हांला पेढा द्यावा तशी दिली.

आमच्या घरात आता जो तो आपले ताट घासतो. पहिल्या आठवड्यात माझे हात कागदासारखे कोरडे पडले, आणि त्याचे मी एवढे वर्णन केले की आई म्हणाली, “अरे, एक ताट आणि एक वाटी घासलीस तू!” ‘हात ओला तर मैतर भला’ ही म्हणही मी शिकवतो, ओला म्हणजे देता हात, असा तिचा अर्थ मुलांना सांगतो. पण खरोखरच दिवसभर ओला राहणारा हात कोणाचा, आणि त्याचा मैतर कोण, हा प्रश्न आजवर एकाही मुलाने विचारलेला नाही. मीही विचारला नव्हता.

यंदाच्या यादीवरून भांडण झाले नाही. आईची शिकेकाई आहे, सौ.चा साधा शाम्पू आहे, कन्या सध्या तोच वापरते. उटणे आणि मोती साबण आहेतच. मावशींची चार दिवसांची भरपगारी सुटी ठरली आहे. फराळाची भांडी आम्ही घासू. यादीच्या अगदी वर मात्र कन्येच्या अक्षरात एक नवी ओळ आहे : ‘हातमोजे, सुती, सहा जोड’. मी ती तपासली. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही.